सात परस खाली

"सात खेचरं. सात पेट्या. एक पळपुटा खजिनदार. डोंगर चढताना खेचरांचे खूर मातीत रुतत होते. उतरताना खेचरं उड्या मारत उतरली."

खजिना शोधणाऱ्या मालिकेत टीव्हीतला आवाज हे प्रत्येक भागाच्या सुरुवातीला म्हणतो. तीन वर्षं झाली, म्हणतोच आहे.

*

गाठ मारून जोडलेल्या दोरावर माती ओढावी, दगड ओढावा. माणूस सोडू नये.

*

घरात दाराआड एक दांडा उभा आहे, कुदळीचा. त्याला कुदळ नाही. आई होती तोवर तिने तो चुलीत जाऊ दिला नाही. आई गेल्यावर, तो तिथे आहे म्हणून तिथे आहे.

*

वरच्या आळीतल्या बायकांचे केस डोक्याच्या मधोमध विरळ असतात. लग्न होऊन येतात तेव्हा दाट असतात.

*

ओलेबाबा डावखुरा आहे.

*

कोरडी माती टीव्हीवर चांगली दिसत नाही. म्हणून चित्रीकरणाआधी तिच्यावर पाणी मारतात. रोजचे दोन कॅन.

*

एक परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. विहिरीची खोली परसांनी मोजतात.

*

आता या सगळ्याची मोट बांधायची, तर टोपीवाली बाई घरी आली त्या सकाळपासून सुरुवात केलेली बरी.

थोरली तेव्हा अंगणात बापाची नखं कापत बसली होती. बाप म्हणजे ओलेबाबा. वय एक्याऐंशी. पन्नास वर्षं त्याने विहिरी खोदल्या, त्यातली एकही कोरडी गेली नाही, म्हणून हे नाव पडलं आणि खरं नाव लोक विसरून गेले. थोरली त्याची मोठी लेक. धाकटी लांब दिली. थोरलीचा नवराच या घरी राहायला आला. बाप थकला तसं तिने काम अंगावर घेतलं. ती खाली उतरते, नवरा वर रहाट फिरवतो. बायको खाली आणि नवरा वर, यावरून गावाने करायच्या तेवढ्या थट्टा करून घेतल्या. आता त्या थट्टाही जुन्या झाल्या.

टोपीवालीबरोबर एक माणूस होता. एवढ्या उन्हातही त्याच्या अंगात चामड्याचं जाकीट. थोरलीने त्याला ओळखलं. टीव्हीवर जो खड्ड्याच्या कडेला एक पाय दगडावर ठेवून बोलतो, तोच हा. टीव्हीवर उंच वाटतो.

"ताई, तुमच्याबद्दल फार ऐकलं," टोपीवाली म्हणाली. "वरच्या आळीच्या मागे घळ आहे ना, तिथे आमच्या यंत्राला एक गोल सापडलाय. आतली जमीन सैल, बाहेरची घट्ट. अगदी वाटोळा. मशीन लावलं तर खालच्या पेट्या फुटतील. हाताने खोदणारं माणूस पाहिजे."

"कुठे म्हणाली?" ओलेबाबाने कानामागे हात धरला.

"घळीत म्हणतायत, बाबा. वरच्या आळीमागे."

"तिथे पाणी नाही."

"आजोबा, आम्हाला पाणी नकोच आहे," जाकीटवाला हसून म्हणाला.

ओलेबाबाने हात खस्सकन ओढला. थोरलीची कात्री नखाच्या मुळाशी लागली. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला. म्हातारा त्याच्याकडे पाहत राहिला, जणू थेंब दुसऱ्या कुणाचा आहे.

"तिथे काही नाही," तो म्हणाला.

पहिला परस

आठ दिवस झाले तरी पहिलाच परस. माती सैल, तासाभराचं काम. पण उतरायचं कसं, ते टोपीवाली ठरवणार.

"ताई, पुन्हा एकदा उतरा. आता जरा घाबरत उतरा."

"घाबरत उतरले तर पडेन की हो."

"पडू नका. नुसतं तोंड घाबरलेलं करा."

थोरली चार वेळा उतरली. चारही वेळा तोंड होतं तसंच राहिलं. शेवटी टोपीवालीने जाकीटवाल्याला कडेला उभं केलं आणि त्यालाच तिच्या वाटचं घाबरायला सांगितलं. ते त्याला छान जमलं.

सावलीला चहाची शेगडी होती. शेगडीवर दोरवाल्याची सून. वरच्या आळीत एकच घर दोर वळणारं. तो सासरा मरून गेला, धंदा त्याच्याआधी मेला, नाव मात्र सुनेला चिकटून राहिलं. थोरलीच्याच वयाची, पंचेचाळिशीची. चहा करायला, भांडी घासायला तिला ठेवलेलं. पाणी ती खालच्या विहिरीवरून आणायची, दिवसाला सहा खेपा. खालची विहीर ओलेबाबाने खोदलेली. उन्हाळ्यात तिच्यावर खालच्या आळीने आधी भरायचं आणि मग वरच्या आळीने, हा रिवाज. यंदा विहीर इतकी उतरली होती की वरच्या आळीच्या घागरीत निम्मा गाळ येई.

तेच पाणी दोन कॅन भरून पोऱ्ये मातीवर शिंपडत. माती काळीभोर दिसे. दोरवाल्याची सून हातातली गाळणी तशीच धरून बघत राही.

"काय गं थोरले," ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुझ्या बापाने आमच्यासाठी ढेकूळ हलवलं नाही. आणि पेटीवाल्यांसाठी तू पाताळात निघालीस."

"चहा दे."

"देते की. सासरा माझा मरेस्तोवर म्हणायचा, पाच माणसं गेलो होतो टोप्या काढून, घळीत विहीर मागायला. आधी म्हणाला, बघतो. मग आळी कामाला बाहेरगावी गेली, चार महिन्यांनी परत आली, तर म्हणतो, तिथे पाणी नाही. म्हटलं, तीन परस खणून तर बघ. तर काय म्हणाला ठाऊक आहे?"

थोरलीला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"म्हणाला, मी कोरडी खोदत नाही!" दोरवाल्याच्या सुनेने कपात चहा ओतला. "आम्ही माणसं नव्हेच ना. न खोदता तुमच्या बाबाला जमिनीच्या पोटातलं दिसतं. बेचाळीस वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही डोक्याने मोजतोय तुमचा डोंगर."

चहात साखर दुप्पट होती. हिची ही रीत. शिवी देताना ती साखर जास्त घालायची.

दुसरा परस

निघाला: एक सुतळीचा तुकडा. त्यावर मालिकेचा अर्धा भाग काढला.

तिसरा परस

जमिनीच्या दोन जाती असतात. कोरी आणि उकरलेली. कोऱ्या जमिनीत थर असतात, एकावर एक, घडी केलेल्या अंथरुणांसारखे. उकरलेलीत सगळं एकमेकांत कालवलेलं: वरची काळी खाली गेलेली, खालचा पिवळा मुरूम वर आलेला. कितीही वर्षं लोटू देत, उकरलेली जमीन पुन्हा कोरी होत नाही. हे थोरलीला तिच्या बापाने आठव्या वर्षी शिकवलं होतं, डोळे मिटायला लावून, चिमटीने.

गोलाच्या आतली माती उकरलेली होती. हे यंत्रालाही कळलं होतं. पण यंत्राला पाय नव्हते.

तिसऱ्या परसात ती माती काढत काढत कडेपाशी आली, आणि वर चढायचं म्हणून तिने पाय टाकला. पाय खाचेत बसला. दुसरा टाकला, तोही बसला. चार खाचा चढून गेल्यावर ती थांबली. तिने खाचा शोधल्याच नव्हत्या. पायाला त्या आधीपासून माहीत होत्या.

ती पुन्हा खाली गेली. हाताने माती झाडली. विहिरीच्या कडेला चढाउतरायला खाचा पाडतात. सगळे उजव्या पायापासून पाडतात. ही जोडी डाव्यापासून सुरू होत होती. खाच बाहेरून अरुंद आणि आतून रुंद, टाच मागे सरकली तरी निसटू नये म्हणून. असं एकच माणूस करी.

"आवाज का नाही?" वरून नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. ओढ."

टोपली वर गेली. सिरीयलवाल्यांचा दोर निळा, नायलॉनचा. भलंमोठं भेंडोळं, संपता संपत नव्हतं. दोरवाल्याची सून दुपारी त्याच्यापाशी उभी राहून म्हणाली, "सासरा असता तर याच्याकडे बघून थुंकला असता. त्याचा दोर नेला की गावाला बातमी लागायची. कुणी किती परसांचा मागितला, त्यावरून कुणाची विहीर कुठवर गेली ते ओटीवर बसून सांगायचा. चोरून बाळंत होता येईल, म्हणायचा, पण माझ्याकडून दोर नेऊन चोरून विहीर खोदता येणार नाही."

थोरली हसली नाही.

संध्याकाळी तिने बापाला अंघोळ घातली. त्याच्या डाव्या खांद्याची गाठ अजून उजव्यापेक्षा मोठी. पाठीचा कणा वाकडा, जसा एका बाजूने वापरलेला दांडा झिजतो तसा. ती पाणी ओतत राहिली.

"बाबा, तुम्ही वरच्या घळीत कधी खोदलं होतं का?"

"अं?"

"घळीत. खोदलं होतं का?"

"तिथे पाणी नाही."

"ते कसं कळलं तुम्हाला?"

"कळतं," तो म्हणाला. मग साबण लागल्या डोळ्यांनीच: "मुरूम लागला का?"

"अजून नाही."

"लागेल," असं म्हणून त्याने तोंड फिरवलं. मुरूम सहाव्या परसाला लागला तेव्हा थोरलीला हे आठवलं.

चौथा परस

चार दिवस काम बंद. जाकीटवाल्याचा घसा बसला.

पाचवा परस

आता तिच्या मनात काय चाललं होतं ते सांगितलं पाहिजे, कारण तिने ते नवऱ्यालाही सांगितलं नाही.

विहीर खोदणाऱ्यांत एक शिरस्ता आहे. विहीर कोरडी गेली, तर खोदणाऱ्याने गावाला सांगून स्वतःच्या हाताने बुजवायची, आणि बुजवण्याआधी आपली एक कुदळ तळाशी ठेवून यायची. दांडा काढून, नुसतं लोखंड. म्हणजे पुढे कुणी तिथे खोदायला लागलाच आणि त्याला लोखंड लागलं, तर त्याने समजायचं, इथे येऊन गेलेत. वर जावं. उगाच जिवाचं रान करू नये. हा शिरस्ताही बापानेच तिला सांगितला होता, आणि सांगून वर म्हणाला होता, "मला कधी ठेवावी लागली नाही."

दाराआडचा दांडा तिने त्या दिवशी घरी जाऊन हातात घेतला. मूठ डाव्या हाताने झिजलेली होती.

म्हणजे बेचाळीस वर्षांपूर्वी, वरची आळी बाहेरगावी गेलेली असताना, तो आणि आई घळीत खोदत होते. आई रहाटावर. थोरली चार वर्षांची. तिला एवढंच अंधुक आठवतं की एका उन्हाळ्यात ती रिकाम्या टोपलीत झोपायची. पाणी लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही ही त्याची रीत. पाणी लागलं नाही. तोंड उघडलं नाही. आणि पाच माणसं टोप्या काढून आली तेव्हा, मी खोदून पाहिलं रे बाबांनो, नाही लागलं, एवढं म्हणायच्या ऐवजी त्याने ते वाक्य म्हटलं.

आता उकरलेली माती संपली की तळाशी त्याची कुदळ निघणार. तिच्यावर त्याची खूण असणार, दांडा बसतो त्या नेढ्याशेजारी दोन तिरपे घाव. ती कुदळ जाकीटवाला हातात धरणार, आणि ओलेबाबाची एक विहीर कोरडी होती हे देशभर दिसणार. म्हाताऱ्याकडे आता दुसरं उरलं होतंच काय? दात नव्हते, कान नव्हते. दुपारी अंगणात बसला की येणारा-जाणारा विचारायचा, "ओलेबाबा, किती झाल्या?" तो म्हणायचा, "एकशे तेरा." "आणि कोरड्या?" मग तो नुसता हात हलवायचा. त्या हात हलवण्यावर तो जगत होता.

कुदळ लागली की पदराखाली घालायची, असं तिने ठरवलं.

सहावा परस

टोपीवालीने थोरलीच्या डोक्याला कॅमेरा बांधला.

"म्हणजे ताईंना जे दिसेल ते आम्हाला दिसेल."

"मला दिसलं नाही पाहिजे असं काही असेल तर?"

"अं?"

"काही नाही. घट्ट बांध, पडेल."

सातवा परस

दुपारी बाराच्या सुमाराला. सूर्य बरोबर विहिरीच्या तोंडावर आलेला. खाली दोन हातांचा उजेडाचा तुकडा. तिने टिकाव मारला आणि खण् वाजलं.

वर धावपळ झाली. तिच्या कंबरेला बांधलेलं धातू शोधायचं यंत्र ओरडायला लागलं. "लोखंड!" जाकीटवाला ओरडला, "पेटीची पट्टी! ताई, हात लावू नका, हात लावा, हळू!"

तिने गुडघ्यावर बसून माती बाजूला केली. कुदळ पालथी ठेवलेली होती, टोक उत्तरेला, अगदी मधोमध. फेकलेली नव्हती, ठेवलेली होती. गंज चढून लोखंड फुगलं होतं, पण नेढ्याशेजारचे दोन तिरपे घाव बोटाला लागले.

कपाळावर कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू. पदर कमरेला खोचलेला. पदर आणि कुदळ यांच्यामध्ये सगळा देश.

तिने वर पाहिलं. तोंडाशी पाच डोकी होती. जाकीटवाला, टोपीवाली, कॅमेऱ्याचे दोघे. पाचवं दोरवाल्याच्या सुनेचं. चहाचं पातेलं हातातच होतं. त्या डोक्याच्या मधोमध, जिथे घागर बसते तिथे, केस नव्हते, आणि बाराच्या उन्हात ती जागा चकाकत होती.

"काय आहे, ताई? सांगा! काय आहे?"

थोरली म्हणाली, "कुदळ आहे. माझ्या बापाची. इथे त्याने विहीर खोदली होती, पाणी लागलं नाही म्हणून बुजवली."

मग टोपीवालीचा आवाज आला, गोड, लहान मुलाशी बोलतात तसा.

"ताई, फार छान. आता तेच पुन्हा सांगाल का? थोडक्यात. फक्त 'लोखंड आहे' म्हणा."

"लोखंड नाही, कुदळ आहे."

"कुदळ लोखंडाचीच ना?"

"हो."

"मग झालं तर. लोखंड आहे."

उन्हाने तोंड भाजत होतं. तीन वेळा मातीने कुदळ झाकून तीन वेळा उघडायला लावली. तिसऱ्या वेळी थोरली म्हणाली, "लोखंड आहे." तेवढंच त्यांनी घेतलं.

पातेलं घेतलेलं डोकं तोवर तोंडाशी राहिलं नव्हतं.

*

ती वर आली तेव्हा दोरवाल्याची सून भांडी घासत होती. राख नको तेवढी लावत होती.

"म्हणजे खोदली होती," ती मान वर न करता म्हणाली.

"हो."

"सात परस."

"हो."

"आणि सांगितलं नाही."

"नाही."

"बेचाळीस वर्षं आम्ही त्याला शिव्या दिल्या. आळीत पोर रडलं तरी आम्ही म्हणायचो, ओलेबाबाला देऊन टाकू. माझी सासू मरताना पाणी मागत नव्हती गं, त्याच्या नावाने बोटं मोडत होती." तिने पातेलं उलटं आपटलं. "निदान शिवी तरी खरी द्यायची होती आम्हाला. काय गेलं असतं त्याचं? एवढंच म्हणायचं, खोदली, नाही लागलं. आम्ही त्याला खांद्यावर घेतला असता."

"त्याला ते जमलं नसतं."

"का?"

थोरली कुदळ मांडीवर घेऊन बसली. ती कुदळ टोपीवालीने दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवली, तिच्याशेजारी एक मोजपट्टी ठेवली, आणि मग चष्मेवाल्या तज्ज्ञाने ती कुदळच आहे असं लिहून दिल्यावर परत केली.

आठवा परस

शिरस्ता म्हणतो, कुदळ लागली की वर यावं.

जाकीटवाला म्हणाला, "कुदळ मुद्दाम ठेवलीय. लोकांना फसवायला. खजिनदार हुशार होता. पेट्या त्याच्या खाली आहेत."

"माझा बाप खजिनदार नव्हता," थोरली म्हणाली. पण कॅमेरा बंद होता.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा कधी नव्हे तो बोलला. "उतर," म्हणाला. "दोर आहे अजून."

आठवा परस कोरा. पिवळा मुरूम, थरांचा, कुणाचाही हात न लागलेला. इथे बापाच्या खाचा नव्हत्या. तिने स्वतःच्या पाडल्या. डाव्यापासून, बाहेरून अरुंद. तीन दिवसांत अर्धा परस गेला. चौथ्या दिवशी सकाळी उतरली तर मुरूम पायाला गार लागला. तिने मूठभर उचलून दाबला. मुठीतून काही ठिबकलं नाही, पण मूठ उघडली तेव्हा मुरमाचा लाडू झाला होता, बोटांच्या ठशांसकट. ती तशीच उभी राहिली. मग तिने टिकाव उचलला आणि उत्तरेच्या कोपऱ्यात, कुदळीचं टोक जिकडे होतं तिकडे, सात-आठ घाव घातले.

आधी रेघ आली. मग रेघेला धार आली. घोट्यापर्यंत पाणी यायला चहा प्यायला लागतो तेवढा वेळ लागला.

"अरे देवा!" वरून टोपीवाली ओरडली. "पाणी! पंप आणा, पंप!"

तीन दिवस पंप चालला. उपसलेलं पाणी घळीतून वाहत वरच्या आळीत गेलं. आळीतल्या बायका आधी बघत राहिल्या, मग कुणीतरी परात लावली, मग घागर, मग जे घरात असेल ते. पंपवाले घामाघूम. जेवढं उपसावं तेवढं पुन्हा चढे. चौथ्या दिवशी जाकीटवाल्याने एक पाय दगडावर ठेवला आणि खड्ड्याकडे पाहत म्हटलं, "डोंगराने आपलं रहस्य पुन्हा गिळलं." ते एका झटक्यात जमलं. संध्याकाळी तंबू उतरले.

निळा दोर ते विसरून गेले.

*

थोरली दोन दिवस बापाशी काही बोलली नाही. नवीन पाण्याची बातमी म्हाताऱ्याच्या कानांपर्यंत पोचायची तर कुणीतरी ओरडूनच सांगायला हवी होती, आणि ओरडायचं म्हणजे अंगणात, आणि अंगण म्हणजे रस्ता. तिने कुदळ फडक्यात गुंडाळून कोठीत ठेवली. जेवण वाढलं. औषध दिलं. कोरडी होती असं सांगावं, तर एक खोटं फुटतं. पाणी लागलं असं सांगावं, तर दुसरं. तो पाणी नाही म्हणाला म्हणून बायकांच्या डोक्यावरचे केस गेले, आणि पाणी हाताच्या अंतरावर होतं. हे ऐकून एक्याऐंशी वर्षांच्या माणसाने करायचं काय?

तिसऱ्या दिवशी सकाळी तोच म्हणाला, "मुरूम लागला का, सांगितलं नाहीस."

मग तिने कुदळ आणून त्याच्या मांडीवर ठेवली.

त्याने डाव्या अंगठ्याने नेढं चाचपलं. दोन घावांवर अंगठा गेला, परत आला, पुन्हा गेला. नखाच्या मुळाशी कात्रीचा वण अजून होता.

"खाली गेलीस?" त्याने विचारलं.

"हो."

"शिरस्ता काय सांगितला होता तुला?"

"तुम्हीच मोडला आधी. कुणाला न सांगता." तिला ओरडावं लागत होतं, त्यामुळे रागात नसलेला आवाजही रागाचा येत होता. "पाणी आहे, बाबा. आठव्याला."

त्याचं तोंड उघडं राहिलं. कुत्रं रस्ता ओलांडून गेलं. समोरच्या घरात कुणी भांडं पाडलं.

"आठव्यात कुठे?"

"अर्ध्यावर."

"बाजू?"

"उत्तर."

तो मान हलवत राहिला, हळूहळू, कुणाशी तरी सहमत झाल्यासारखा. "तुझी आई म्हणत होती," तो म्हणाला. "टोपलीतली माती गार लागतेय म्हणत होती."

फाटकाशी कुणीतरी खाकरलं. दोरवाल्याची सून उभी होती, डोक्यावर घागर. बेचाळीस वर्षांत वरच्या आळीचं माणूस या अंगणात आलं नव्हतं. ती थेट आत आली, घागर म्हाताऱ्यासमोर आपटलीच म्हणायची, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"घ्या. प्या. वरून खाली पाणी आणलंय, आयुष्यात पहिल्यांदा. उतारावर घागर किती हलकी लागते, ते आज कळलं मला."

थोरलीने पेला बुडवून दिला. म्हाताऱ्याने तो उजेडात धरला, वास घेतला, एक घोट तोंडात खेळवला, गिळला.

"गोड आहे," तो म्हणाला.

"आहेच."

तो आणखी एक घोट प्यायला. मग चेहऱ्यावर कुठूनतरी जुनी कळा आली, आणि त्याने हात हलवला, रोज दुपारी हलवायचा तसा. "म्हणजे कोरडी नव्हती."

दोरवाल्याची सून थोरलीकडे बघत राहिली. तिचे ओठ आधी रागाने आवळले होते, ते कसेतरीच सुटले. "बघ गं बाई!" ती म्हणाली. "बघ याचा तोरा! आमची मानगूट मोडली आणि याची कोरडी नव्हती!" ती हसत होती का रडत होती, ते तिलाच ठरवता येईना. पदराने तोंड पुसत ती खालीच बसली, त्याच्या पायांशी, मातीत.

पाणी घागरीत हलायचं थांबलं.

"सासऱ्याला माझ्या बोटं उरली नव्हती शेवटी," ती म्हणाली. "दोर वळून वळून. पण तुमच्या नावाचा दोर तो वेगळा ठेवायचा. येईल म्हणायचा, कधीतरी येईल मागायला. शिवी द्यायचा आणि वळायचा."

म्हातारा कुदळीकडे बघत होता.

"ऐकलंत का? पाणी अर्ध्या परसावर होतं. सातव्यालाच थांबलात कशाला?"

त्याला ऐकू गेलं. कारण त्याने पेला संपवला, पालथा घातला, आणि दाराआड उभ्या असलेल्या दांड्याकडे पाहिलं. पण तो काही बोलला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

त्या साली घरातला दोर सात परसांचा होता, आणि त्याहून लांब दोर मागायचा, तर दोर वळणारा वरच्या आळीत राहत होता.